दुखत नाही, म्हणून दिसत नाही

(आशा व अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून इथे रक्तक्षयावर बोलणे झाले, पाळीवर झाले, बाळंतपणावर झाले. आता एक हाडांची डॉक्टर उभी राहून तान्ह्या बाळांच्या खुब्याबद्दल बोलणार म्हटल्यावर 'हा विषय बायकांच्या शिबिरात कशाला?' असे काहीजणींना वाटले असेल. संयोजक मैत्रिणींनीही मला तेच विचारले होते. मी ज्या दोषाबद्दल बोलणार आहे, तो मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये चार ते पाच पट जास्त आढळतो. पहिल्या काही महिन्यांत सापडला तर बहुतेक वेळा कापडी पट्ट्याने बरा होतो. चालायला लागल्यावर सापडला तर शस्त्रक्रिया करावी लागते. आणि सापडूनही कोणी काही केले नाही, तर ती मुलगी जन्मभर लंगडते आणि चाळिशीच्या आतच तिचा सांधा झिजू लागतो. वेळ का जातो, याची कारणे मी वर्षानुवर्षे आयांच्या तोंडून ऐकत आले आहे. त्यातली बरीचशी कारणे मुलीच्या हाडात नसतात, ती आपल्या घरात असतात. म्हणून हा विषय इथे मांडते आहे.

आधी दोष समजून घेऊ. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात वाटीसारखी खोलगट जागा असते आणि तिच्यात मांडीच्या हाडाचे गोल डोके बसते. जन्माच्या वेळी ही वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. तिला खोली येते ती आत गोळा नीट बसलेला असतो म्हणून. गोळा जागेवर राहिला की वाटी त्याच्याभोवती वाढत जाते. गोळा सैल असला, अर्धवट बाहेर असला किंवा पूर्ण निसटलेला असला, तर वाटी उथळ राहते. पुढे तिच्यात चरबी भरते, भोवतालचे स्नायू आखडतात, आणि मग गोळा आत बसवायचा म्हटला तरी जागा उरत नाही. म्हणून इथे एकेका महिन्याला किंमत आहे.

पूर्वी याला 'जन्मतः निखळलेला खुबा' म्हणत. आता डॉक्टर मंडळी 'डीडीएच' म्हणतात, म्हणजे वाढीच्या काळात होणारा खुब्याचा दोष. जन्माच्या दिवशी ठीक वाटलेला खुबाही पुढच्या महिन्यांत सरकू शकतो, म्हणून हे नाव बदलले. तेव्हा 'दवाखान्यात तपासले होते' एवढ्यावर थांबता येत नाही. बाळ नीट चालू लागेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

हे किती बाळांना होते? इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचे डॉ. बार्लो यांनी १९६२ साली आपली पाहणी प्रसिद्ध केली. साधारण ६० नवजात बाळांमागे एकाचा खुबा सैल होता. त्यातल्या निम्म्याहून अधिक बाळांचा पहिल्याच आठवड्यात आपोआप घट्ट झाला, आणि दोन महिन्यांत ८८ टक्के बाळांचा झाला. म्हणजे सैल खुबा दिसला की घाबरून जायचे कारण नाही. पण आपोआप न सुधारणारी बाळेही असतात. खुबा खरोखर निखळलेलाच राहतो अशी बाळे हजारी एक-दोन धरतात. आपल्या एका तालुक्यात वर्षाला किती बाळंतपणे होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हिशेब करून पाहा.

मुलींमध्ये जास्त का? बाळंतपणासाठी आईचे सांधे सैल करणारी संप्रेरके पोटातल्या बाळापर्यंतही पोचतात आणि मुलींचे सांधे त्याने अधिक सैल होतात, असे मानले जाते. डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त वेळा सापडतो. पहिलटकरणीच्या बाळात हे प्रमाण थोडे अधिक असते. पोटात पाणी कमी असेल, मान एका बाजूला आखडलेली असेल, पाऊल वाकडे असेल, किंवा आई, वडील, भावंडे यांच्यापैकी कोणाला हा त्रास झाला असेल, तरीही लक्ष ठेवावे लागते.

आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे पायाळू बाळ. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीची उसण जाते, त्याला जमिनीतले धन दिसते, वीज कडाडली की त्याने बाहेर उभे राहू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण पोटात शेवटच्या महिन्यांत बाळाचे डोके वर आणि कुल्ले किंवा पाय खाली असले, तर त्याच्या खुब्यावर ताण येतो, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही. बाळ सिझेरियनने झाले तरी हा धोका टळत नाही, कारण महिनोन्‌महिने ते पोटात तसेच बसलेले असते. तेव्हा वहीत 'पायाळू' अशी नोंद झाली, आणि त्यातून मुलगी असली, की पुढे लगेच 'खुबा तपासणे' असे लिहा. अशा बाळाची साधारण सहाव्या आठवड्याला खुब्याची सोनोग्राफी व्हायला हवी.

आता अडचण कुठे आहे पाहा. या दोषात बाळाला दुखत नाही. ते रडत नाही, ताप येत नाही, दूध पिते, हसते, अंगाने भरते. पालथे पडणे, रांगणे बहुतेक वेळा वेळेवरच होते. आपल्याकडे बाळ रडले तरच दवाखाना, अशी रीत. न रडणाऱ्या बाळाला कोण नेणार? दुखत नाही, म्हणून दिसत नाही. दिसते तेव्हा ते चालायला लागलेले असते.

तरी पाहणारी बाई असली तर दिसते. इटलीतल्या फेरारा शहरात मारिनो ओर्तोलानी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. बाळाचे पाय दुमडून मांड्या हळूच बाजूला नेल्या की निसटलेला गोळा वाटीत परत जाताना हाताला जाणवतो, ही खूण त्यांनी १९३७ साली प्रसिद्ध केली. आज जगभरातले डॉक्टर नवजात बाळाला याच पद्धतीने तपासतात. ही खूण त्यांच्या ध्यानात आली ती एका आईमुळे, अशी नोंद आहे. बाळाला धुताना पाय बाजूला केला की खट्‌कन काहीतरी होते, असे तिने सांगितले होते. डॉक्टरांनी तिचे ऐकून घेतले, हा त्यांचा मोठेपणा. पण पहिल्यांदा जाणवले ते रोज बाळाचे अंग धुणाऱ्या हाताला.

ते हात आपल्याकडेही आहेत. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळाला पायांवर घेते, पालथे करते, उताणे करते. बाळाचे दोन्ही पाय इतक्या जवळून रोज कुठलाही डॉक्टर पाहत नाही. तेव्हा मी सांगते त्या गोष्टी तुम्ही न्हाऊ घालणाऱ्या मावशींना, आज्यांना, आयांना शिकवा.

पहिली गोष्ट. लंगोट बदलताना बाळाला उताणे ठेवा, गुडघे दुमडा आणि दोन्ही मांड्या अलगद बाजूला होऊ द्या. जोर लावायचा नाही. दोन्ही सारख्या बाजूला जातात का? एक कमी जाते का? तीन महिन्यांनंतर ही सर्वांत भरवशाची खूण आहे. एका बाजूने लंगोट बांधायला त्रास होतो, असे आई म्हणाली तर ते मनावर घ्या.

दुसरी. उताण्या बाळाचे दोन्ही गुडघे दुमडून तळवे खाली टेकवा. दोन्ही गुडघे एका उंचीवर आहेत का? एक खाली दिसला तर तो पाय आखूड आहे.

तिसरी. मांडीवरच्या आणि कुल्ल्याखालच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का? वळ्या कमीजास्त असणारी पुष्कळ बाळे अगदी चांगली असतात, म्हणून एवढ्या एका खुणेवरून आईला घाबरवू नका. तपासायला मात्र पाठवा.

चौथी, चालणाऱ्या मुलासाठी. एका बाजूला झुकून चालते का? एका पायाच्या चवड्यावर चालते का? दोन्ही खुबे निखळलेले असले तर दोन्ही पाय सारखेच आखूड असतात, वळ्याही सारख्याच दिसतात, आणि आपण फसतो. अशी मुलगी बदकासारखी डुलत चालते, पोट पुढे येते, कंबर आत जाते. घरात तिचे कौतुक होते, 'कशी ठुमकत चालते बघा.' त्या ठुमकण्याकडे दुसऱ्यांदा पाहा.

खट्‌ आवाज येतो का हे पाहण्यासाठी पाय पुन्हा पुन्हा हलवू नका. ती तपासणी शिकलेल्या हातांनीच करायची. शंका आली तर चार-सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोनोग्राफी करतात. त्या वयात गोळा कूर्चेचा असल्याने एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही. त्यानंतर एक्स-रे.

सोनोग्राफी म्हटले की आपल्या चळवळीतल्या बायकांच्या पोटात गोळा येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्रात झाला आणि त्यासाठी बायकांना रस्त्यावर यावे लागले. मुलगी पोटात असताना तिला हुडकायला त्या यंत्राचा वापर झाला, त्यासाठी पैसे खर्च झाले, लांबचे प्रवास झाले. जन्मलेल्या मुलीचा खुबा पाहण्यासाठी तेच यंत्र हवे म्हटले की 'इतका खर्च कशाला, चालेल की मोठी झाल्यावर' असे उत्तर मिळते. ऑस्ट्रियातले डॉ. ग्राफ यांनी १९८० साली खुब्याच्या सोनोग्राफीची पद्धत मांडली, आणि त्या देशाने १९९२ पासून प्रत्येक बाळाची ही तपासणी सुरू केली. आपल्याकडे सरसकट ते शक्य नसेल. पण पायाळू बाळ, घरात पूर्वी कोणाला त्रास झालेला, किंवा हाताला शंका आलेली, एवढ्या बाळांची तरी झालीच पाहिजे.

आता आपल्या चालीरीतींकडे वळू. न्हाऊ घातल्यावर बाळाचे पाय ओढून सरळ करायचे आणि दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, ही पद्धत घरोघर आहे. पाय सरळ, उंच व्हावेत हा हेतू. खुब्यासाठी मात्र ही सर्वांत वाईट स्थिती. तान्ह्या बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि बाजूला पडलेले असणे हेच नैसर्गिक आहे. जपानमध्येही बाळाचे पाय सरळ करून बांधण्याची पद्धत होती. १९७५ च्या सुमारास तिथे देशभर मोहीम निघाली आणि आयांना, आज्यांना ती पद्धत सोडायला सांगितले. त्याआधी शंभरात एक ते साडेतीन बाळांचा खुबा निखळत असे. मोहिमेनंतर हे प्रमाण हजारी दोनच्याही खाली आले. औषध नाही, यंत्र नाही, दुपटे गुंडाळण्याची रीत तेवढी बदलली. बाळाला गुंडाळू नका असे मी म्हणत नाही. छाती-हात गुंडाळा, पण कमरेखाली दुपटे सैल ठेवा. पाय आत दुमडता आले पाहिजेत, हलवता आले पाहिजेत. मालिश करा, पाय ओढू नका.

आणि आपली एक रीत फार चांगली आहे. मान धरू लागलेल्या बाळाला आपण कडेवर घेतो. त्याचे पाय आपल्या कमरेच्या दोन बाजूंना फाकलेले, गुडघे दुमडलेले. खुब्याला हवी तीच ही स्थिती. आफ्रिकेत जिथे बायका बाळाला असे पाय फाकवून पाठीशी बांधतात, तिथे हा दोष क्वचितच आढळतो. तेव्हा कडेवर घ्यायची लाज नको. 'सवय लागेल' म्हणणाऱ्यांना हे सांगा.

उपचार वयाप्रमाणे बदलतात. सहा महिन्यांच्या आत असेल तर पट्टा. चेकोस्लोव्हाकियातले डॉ. पावलिक यांनी १९४०च्या दशकात तो तयार केला. त्यापूर्वी बाळांचे पाय जोराने फाकवून प्लॅस्टरमध्ये जखडत, आणि त्यात पुष्कळदा गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब होई. पावलिकांनी जखडणे सोडले. खांद्यावरून दोन पट्टे, छातीभोवती एक, आणि पावलांना आधार. गुडघे दुमडलेले राहतात, मांड्या आपोआप बाजूला पडतात, आणि बाळ पाय झाडू शकते. त्या हालचालीनेच गोळा वाटीत बसतो. साधारण सहा ते बारा आठवडे, सुरुवातीला रात्रंदिवस. दूध पाजता येते, लंगोट बदलता येतो. पट्ट्याची मापे डॉक्टर ठरवतात, घरी सैल-घट्ट करायची नाहीत. बाळाने एक पाय झाडणे थांबवले तर त्याच दिवशी दाखवायचे. तीन-चार आठवड्यांत गोळा बसला नाही तर डॉक्टर पट्टा बंद करून दुसरा उपाय करतात, कारण मग पट्ट्यानेच इजा होऊ शकते. घरगुती दुहेरी लंगोटाने हा दोष बरा होत नाही, उगीच वेळ जातो.

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत बाळाला भूल देऊन गोळा बसवावा लागतो आणि छातीपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालतात, साधारण तीन महिने. दीड वर्षानंतर बहुतेक वेळा सांधा उघडून शस्त्रक्रिया करतात, कधी कमरेचे हाड कापून वाटीचा कोन बदलतात, कधी मांडीचे हाड थोडे आखूड करतात. सात-आठ वर्षांनंतर, विशेषतः दोन्ही खुबे निखळलेले असतील तर, शस्त्रक्रियेने फायद्यापेक्षा त्रासच जास्त होऊ शकतो.

म्हणून म्हणते, वेळ कुठे जातो ते पाहू या. चार वर्षांच्या एका मुलीला आईने आणले. मूल लंगडते हे तिने अकराव्या महिन्यातच सासूला सांगितले होते. 'पहिल्या वेळेला सगळ्यांना असेच वाटते,' असे उत्तर मिळाले. मग शेती, मग दिराचे लग्न, मग दुसरे बाळंतपण. आई स्वतः एसटीचे पैसे मागू शकत नव्हती. दुसरी मुलगी एकोणीस वर्षांची, स्थळ सांगून आले म्हणून आणलेली. तोपर्यंत दुखते का, शाळेपर्यंत चालवते का, हे कोणी विचारले नव्हते. वडिलांचा प्रश्न एकच, 'पाहुणे येण्याआधी चाल सरळ होईल का?' तिने खोलीत तोंड उघडले नाही. त्यांना बाहेर बसवल्यावर म्हणाली, 'मला नर्सिंगला जायचंय, उभं राहवेल का?' तपासणीत विचारायचा प्रश्न तो होता.

आणि दोष मात्र आईच्या माथी. ग्रहणात भाजी चिरली असेल, जिना उतरताना पडली असेल, माहेरचेच रक्त वाईट. बाई, ग्रहणाचा आणि खुब्याचा काही संबंध नाही, हे आम्ही डॉक्टरांनी आईला सांगायला हवेच, पण सासूसमोर, नवऱ्यासमोर मोठ्याने सांगायला हवे. प्लॅस्टरमधल्या मुलीला तीन महिने उचलणे, पुसणे, वळवणे हे सारे तिच्याच अंगावर पडते. तिची मजुरी बुडते. उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा इथे. तेव्हा घरी जाल तेव्हा बापाशीही बोला. पट्टा कसा घालायचा, मूल कसे उचलायचे, हे त्यालाही शिकवा.

सरकारी व्यवस्था आहे, ती वापरू या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या यादीत खुब्याचा हा दोष आहे. त्यातली पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि पुढचे उपचार मोफत मिळायचे असतात. त्यासाठी मूल यादीवर यावे लागते, आणि ते तुमच्या नोंदीतूनच येते. आशाताई, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत तुमच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. वजन, ताप, नाळ पाहता, तसे पायही पाहा. सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने, दीड वर्ष, या लसींच्या वेळी बाळ तुमच्या समोर येतेच. लस मांडीलाच देतात, लंगोट सुटलेला असतो. तपासायला अर्धा मिनिट लागतो.

शेवटी आपल्यातल्या मोठ्या बायकांबद्दल. तुमच्या गावात लंगडणाऱ्या काही बायका असतील, त्यांच्यापैकी काहींच्या खुब्याकडे तान्हेपणी कोणी पाहिलेच नसेल. लंगडणाऱ्या बाईला मूल होत नाही, हा समज खोटा आहे. चपलेची उंची वाढवणे, व्यायाम, वजनाचे काम कमी करणे, काठी वापरणे, आणि दुखणे फार वाढले तर सांधा बदलणे, हे उपाय आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रमाणपत्र, शिक्षण, नोकरी यांतले हक्कही आहेत. मुलीचा खुबा आपण वाचवायचा तो तिला चालता यावे, राबताना दुखू नये म्हणून. लग्नाच्या बाजारात ती खपावी म्हणून नव्हे. आणि ज्यांचा वाचला नाही, त्या बायकांमध्ये काही कमी आहे, असे आपल्या तोंडून कधी निघू नये.

मी सोबत एक कापडी बाहुली आणि एक पट्टा आणला आहे. चहानंतर चार-चारच्या गटात या. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने मांड्या बाजूला करून, गुडघे जुळवून पाहायचे आणि पट्टा एकदा घालून, काढून पाहायचा. उद्यापासून गावातले प्रत्येक तान्हे बाळ याच हातांखालून जायचे आहे. आता तुमचे प्रश्न विचारा.